स्वीटकॉर्नची पानं पिवळी, जांभळी, पांढरी का पडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मका लावला की पहिले पंधरावीस दिवस सगळं मस्त चाललेलं असतं आणि मग एका सकाळी एखादं पान पिवळं दिसतं, आणि आपण लगेच खताची पिशवी उघडतो. हा लेख लिहिलाय तो त्या क्षणी हात थांबावा म्हणून. रंग कुठला यापेक्षा तो कुठून सुरू झाला हे बघितलं तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पान पिवळं दिसलं, सगळ्यात आधी काय करू?

काही टाकू नका, आधी बघा. पहिलं, झाडाचं कुठलं पान, म्हणजे खालचं जुनं की पोंग्यातलं, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतलं, कोवळं. दुसरं, त्या पानाचा कुठला भाग, टोक की कडा की शिरांच्या मधली जागा की पान जिथे ताटाला चिकटतं तिथला बुडखा. तिसरं, किती झाडांना झालंय, सगळ्या वाफ्याला की एका कोपऱ्यातल्या चारपाचांना की फक्त एकालाच. आणि मग बोट मातीत दोन पेरं खोल घालून बघा, ओलं चिकट लागतंय का कोरडं. एवढं करायला पाच मिनिटं लागतात आणि अर्ध्या शक्यता तिथेच गळून पडतात.

अजून एक सवय लावून घ्या, त्याच पानाचा त्याच बाजूने रोज एक फोटो. डोळ्याला वाटतं की कालच्यापेक्षा वाढलंय, फोटोत बघितलं तर तीन दिवसांत काहीच सरकलेलं नसतं, किंवा उलट आपल्याला वाटतं ठीक आहे आणि फोटोत कळतं की पिवळेपणा एक पान वर चढलाय.

खालचं पान की वरचं याने एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो, सगळं निदान यावरच उभं आहे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात. कमी पडली की झाड जुन्या पानातून ती काढून घेतं आणि वर कोवळ्या पानाला देतं, घरातलं मोठं माणूस जसं आपल्या ताटातलं लेकराला वाढतं तसं. म्हणून यांची कमतरता खालच्या पानावर आधी दिसते. लोह, जस्त, मँगेनीज, बोरॉन यांना एकदा पानात जाऊन बसल्यावर सहज हलता येत नाही, गंधकाचंही थोडंफार तसंच, त्यामुळे यांची कमतरता नव्या पानांवर दिसते आणि खालची जुनी पानं हिरवीगार राहतात.

म्हणजे खाली पिवळं आणि वर हिरवं तर पहिल्या गटातलं काहीतरी, वर पिवळं आणि खाली हिरवं तर दुसऱ्या गटातलं. आणि खालून वरपर्यंत सगळंच एकदम फिकट झालं असेल तर मुळांचं काहीतरी बिघडलंय असं मी आधी धरते, त्याचं पुढे सविस्तर लिहिलंय.

खालची पानं टोकाकडून पिवळी पडतायत आणि पिवळा भाग मधल्या शिरेवरून आत शिरतोय, हे काय?

हे नत्र कमी पडल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. पिवळेपणा टोकाला सुरू होतो, मधल्या शिरेच्या कडेने बुडख्याकडे सरकतो आणि पानाच्या कडा थोडा वेळ हिरव्या राहतात, त्यामुळे पानावर व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. पुढे तो भाग वाळून तपकिरी होतो. पान हिरवं असतं ते हरितद्रव्यामुळे, आणि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात आणि मधोमध मॅग्नेशियमचा एक, त्यामुळे या दोघांपैकी कोणी कमी पडलं की हिरवा रंग टिकतच नाही.

मका नत्राच्या बाबतीत खादाड आहे. लहान असताना त्याला फारसं लागत नाही, पण गुडघ्याएवढा झाला की तुरा येईपर्यंत तो अक्षरशः ओढून घेतो, त्याला लागणाऱ्या एकूण नत्रापैकी अर्ध्याहून जास्त कणसाला केस फुटेपर्यंत आत गेलेलं असतं. म्हणूनच लावताना भरपूर खत घातलं होतं तरी महिनाभराने पिवळं का पडलं असं लोक विचारतात. एक तर ते पाण्याबरोबर खाली वाहून गेलेलं असतं, कुंडीत तर फारच पटकन जातं, किंवा झाडाची भूक तेव्हा सुरूच झालेली नसते.

आणखी एक कारण जे फार कमी लोकांच्या लक्षात येतं ते म्हणजे कच्चं कंपोस्ट. लाकडाचा भुसा, वाळकी पानं, अर्धवट कुजलेला कचरा मातीत मिसळला की तो कुजवणारे जीवाणू स्वतःसाठी मातीतलं नत्र वापरतात आणि काही आठवडे झाडाला काही उरत नाही. तोच पालापाचोळा मातीवर आच्छादन म्हणून पसरला तर हा त्रास जवळजवळ होत नाही, मातीत कालवला तरच होतो.

मग नत्र किती द्यायचं?

पूर्ण हंगामाला एका चौरस मीटरला साधारण १० ते १२ ग्रॅम नत्र पुरेसं होतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं म्हणजे हिशोबाने २२ ते २६ ग्रॅम युरिया, आणि हा एकदम द्यायचा नाही, तीन वेळा वाटून द्यायचा, एक लावताना, एक झाडाला सहा ते आठ पानं आल्यावर आणि एक तुरा दिसायला लागला की. म्हणजे एका वेळी चौरस मीटरला जेमतेम दोन छोटे चमचे. शेणखत कंपोस्ट भरपूर घातलं असेल तर यातलं अजून कमी करा.

ताटाला चिकटून टाकू नका, ताटापासून आठदहा सेंटीमीटर अंतरावर एक चर ओढून त्यात टाका, माती झाका आणि पाणी द्या. वरच पडून राहिला तर त्यातला बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडून जातो. रासायनिक नको असेल तर चांगलं कुजलेलं कोंबडखत किंवा गांडूळखत द्या, फक्त ते सावकाश लागू पडतं म्हणून पिवळं पडायच्या आधी, गुडघ्याएवढं व्हायच्या सुमारास द्यायला हवं, पिवळं पडल्यावर दिलं तर उशीर होतो.

पिवळं झालेलं पान परत हिरवं होतं का?

नत्राचं पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान नाही होत. त्याची वाट बघू नका, त्याच्या वरची दोन पानं बघा. आठदहा दिवसांत वरचा रंग गडद झाला आणि पिवळेपणा आणखी वर चढायचा थांबला तर उपाय लागू पडला. लोहाचं, गंधकाचं फिकट झालेलं कोवळं पान मात्र पुष्कळ वेळा पुन्हा हिरवं होतं.

मधली शीर हिरवी आहे पण कडा पिवळ्या होऊन करपल्यासारख्या झाल्यात?

खालच्या पानांवर असेल तर पालाश. नत्राच्या बरोबर उलटं चित्र, तिथे मध्य जातो आणि कडा राहतात, इथे कडा जातात आणि मध्य राहतो. हा एक फरक डोक्यात बसला तर सगळ्यात जास्त होणारी गल्लत टळते. वाळूसारख्या हलक्या मातीत आणि कोरड्या मातीत हे जास्त दिसतं, कारण पालाश मुळापर्यंत पोचायला मातीत ओल लागते, त्यामुळे कधीकधी मातीत पालाश असतो आणि कमी असतं ते पाणी.

कडा करपण्याची दुसरी दोन कारणं पण आहेत. सगळ्याच पानांची नुसती टोकं वाळली असतील आणि कुंडीच्या काठावर पांढरी पावडर जमलेली दिसत असेल तर ते खताचं किंवा पाण्यातलं मीठ आहे, खत बंद करा आणि कुंडीतून दोनतीनदा भरपूर पाणी वाहू द्या. आणि गरम वारा सुटल्यावर एका दिवसात वरच्या पानांची टोकं पांढरट झाली असतील तर ते वाऱ्याने आणि उन्हाने, त्यावर खताचा उपाय नाही.

छोटं रोप जांभळं पडलंय, घाबरू का?

बहुतेक वेळा नाही. कोवळ्या रोपाच्या पानांच्या कडा आणि ताट जांभळट लाल होणं हे स्फुरद कमी पोचल्याचं लक्षण, पण मातीत स्फुरद नसतोच असं नाही. माती गार असेल तर मुळं वाढत नाहीत, १० अंश सेल्सिअसच्या खाली मक्याची वाढ जवळपास थांबते, आणि स्फुरद मातीत फारसा सरकत नसल्यामुळे मुळानेच त्याच्यापर्यंत जावं लागतं. मुळं छोटी असली की तो पोचत नाही. वरून पानात तयार झालेली साखर वापरली जात नाही, ती साठते आणि जांभळा रंग तयार होतो. ऊब आली, मुळं पसरली की गुडघ्याएवढं होईपर्यंत रंग आपोआप जातो. काही वाणांच्या अंगातच जांभळेपणा असतो, त्यांची बाकी वाढ जोरात असते, त्यांना काही करायचं नाही.

मोठ्या झाडाला जांभळं पडलं तर मात्र वेगळं बघा. कणीस भरलेलंच नसेल, किंवा ताट मोडलं वाकलं असेल तर साखरेला जायला जागा उरत नाही आणि वरची पानं लाल जांभळी होतात. एकदोन ओळीतच मका लावला की परागकण नीट पडत नाहीत आणि हे दिसतं, म्हणून निदान चार ओळी आणि दर ओळीत चार झाडं असा चौकोन करून लावायचा असतो.

पानांवर लांब पट्टे पडलेत, हिरवा पिवळा हिरवा पिवळा?

हा सगळ्यात गोंधळाचा भाग आहे त्यामुळे जरा शांतपणे वाचा.

पट्टे खालच्या पानांवर असतील तर मॅग्नेशियम. शिरा हिरव्या राहतात, मधली जागा पिवळी होते, कधी ते मण्यांच्या माळेसारखं तुटक दिसतं, आणि पुढे कडांना लालसर जांभळी छटा येते. आंबट म्हणजे आम्लधर्मी हलक्या मातीत, आणि पालाश जास्त ओतलेल्या मातीत होतं, कारण पालाश जास्त झाला की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात. लाकडाची राख भरपूर टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, राखेत पालाश असतो. एका लिटर पाण्यात १० ते २० ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालून संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठदहा दिवसांनी परत एकदा.

पट्टे वरच्या कोवळ्या पानांवर असतील तर तीन उमेदवार. जस्ताचे पट्टे रुंद आणि जवळजवळ पांढरे असतात, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूला, पानाच्या बुडख्याकडच्या अर्ध्या भागात जास्त ठळक, आणि मधली शीर व कड हिरवी राहते. झाडाची पेरं आखूड पडतात आणि झाड बसल्यासारखं दिसतं. चुनखडीच्या मातीत, गार ओल्या मातीत आणि स्फुरद जास्त झालेल्या मातीत हे होतं, म्हणजे रोप जांभळं दिसलं म्हणून ज्यांनी घाबरून मूठभर डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, टाकलं त्यांच्याकडे दोन आठवड्यांनी हे पांढरे पट्टे दिसू शकतात. उपाय, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरलेला चुना, गाळून फवारा. चुना टाळू नका, नुसत्या झिंक सल्फेटने पानं भाजू शकतात.

लोहाचे पट्टे बारीक, नीटस, टोकापासून बुडख्यापर्यंत पूर्ण पानभर, शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकट पिवळी, जास्त झालं तर पान पांढरट. सामू, म्हणजे पीएच, ७.५ च्या वर असलेल्या मातीत लोह असूनही ते विरघळत नाही म्हणून झाडाला मिळत नाही. चिलेटेड, म्हणजे विरघळलेलं राहील अशा रूपातल्या, लोहाची फवारणी करा आणि पाणी कमी द्या, चुनखडीच्या मातीत चिखल झाला की हे अजून वाढतं.

गंधक कमी असलं तर पट्टे पुसट, आणि एकूण सगळं कोवळं पानच फिकट पोपटी. लांबून नत्रासारखं वाटतं पण नत्र खाली दाखवतं आणि हे वर. जिप्सम किंवा अमोनियम सल्फेट थोडं दिलं की सुधारतं.

पाणी रोज देतोय तरी सगळं झाड पिवळं पडत चाललंय?

रोज देताय म्हणूनच पडत असेल. मी स्वतः एका वर्षी सहा कुंड्यांना दोन आठवडे आलटून पालटून युरिया आणि एप्सम सॉल्ट देत बसले होते, एकदा कुंडी हलवायला उचलली तर खालच्या बशीत पाणी साचलेलं आणि मातीला गटारासारखा वास. सहातली चार झाडं त्यात गेली. तेव्हापासून मी कुठलंही पान पिवळं दिसलं की आधी कुंडीचं भोक बघते.

मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. माती पाण्याने भरली की मातीतली हवा जाते, मूळ काम थांबवतं आणि मग मातीत कितीही खत असलं तरी ते वर जात नाही, शिवाय अशा मातीतले जीवाणू नत्राचा वायू करून उडवून टाकतात म्हणजे दुहेरी नुकसान. त्यामुळे पानावर नत्राचीच लक्षणं दिसतात आणि माणूस अजून खत टाकतो, अजून पाणी देतो.

ओळखायचं कसं, तर झाड सकाळीसुद्धा मलूल असतं, माती चिकट असते, आणि कडेची माती थोडी उकरून मूळ बघितलं तर पांढरं टणक असायला हवं ते तपकिरी आणि लिबलिबीत असतं. पाणी पूर्ण थांबवा, वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करा, बशी काढून टाका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी होऊ द्या, आणि वर नवं हिरवं पान दिसेपर्यंत खत अजिबात नको. जमिनीत लावलेल्या छोट्या रोपाचा वाढीचा कोंब साधारण सहा पानं होईपर्यंत मातीच्या आतच असतो, त्यामुळे पाणी तुंबलं तर अशी रोपं जेमतेम दोन ते चार दिवसच तग धरतात, ऊन कडक असेल तर त्याहून कमी.

कुंडी किंवा ग्रो बॅग असेल तर एका झाडाला दहाबारा लिटर माती तरी हवी आणि खोली ३० सेंटीमीटरच्या खाली नको. त्याहून लहान कुंडीत मका जगतो पण तो कायम कशासाठी तरी तहानलेला किंवा उपाशीच असतो आणि मग पानांवर एकाच वेळी तीन लक्षणं दिसतात, त्याचं निदान कुणालाच करता येत नाही.

दुपारी पानं सुरळी करतात आणि राखाडी दिसतात?

तहान. मका पाणी वाचवायला पान गुंडाळतो. संध्याकाळी उलगडलं तर फार काळजी नको, सकाळीच सुरळी असेल तर लगेच खोलवर पाणी द्या. तुरा आणि केस येतात ते दोन आठवडे पाण्यात अजिबात कसूर नको, तेव्हाचा ताण कणसात दाणे कमी होऊन दिसतो.

एकच रोप पूर्ण पांढरं उगवलंय, बाकी सगळी छान आहेत?

त्या रोपात जन्मापासूनच हरितद्रव्य तयार होत नाही. दाण्यातली शिदोरी असेपर्यंत साधारण दोन आठवडे उभं राहतं आणि मग मरतं. तुमची काही चूक नाही आणि उपाय पण नाही. कधी एखाद्याच झाडावर पांढरे हिरवे सरळ रेघांचे पट्टे असतात आणि शेजारची झाडं स्वच्छ असतात, तेही बियाण्यातूनच आलेलं असतं, असं झाड जगतं आणि कणीसही देतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मातीचा दोष शेजारच्या झाडांवरही दिसतो, एकट्यावर सहसा दिसत नाही.

पोंगा पिळवटला होता, आता त्यातून एकदम पिवळं धमक पान बाहेर आलंय?

गारठ्यानंतर अचानक ऊब आणि पाणी मिळालं की झाड इतकं भराभर वाढतं की पानं पोंग्यात अडकतात, पिळतात. अडकलेल्या पानाला ऊन मिळालेलं नसतं म्हणून ते पिवळं निघतं. दोनतीन दिवसांत हिरवं होतं. पान ओढून मोकळं करायचा मोह आवरा, फाटतं.

पांढरे वाळके चट्टे पडलेत, बुरशी आहे का?

चट्टा कागदासारखा कोरडा असेल आणि पसरत नसेल तर बुरशी नाही. सावलीत वाढवलेली रोपं एकदम उन्हात ठेवली की पहिल्या दोन दिवसांत असे चट्टे येतात. युरियाचे दाणे पोंग्यात पडले तरी येतात, काही दिवसांनी ती पानं उलगडली की सगळ्यांवर एका रेषेत भाजलेले डाग दिसतात. भर उन्हात फवारलं, किंवा साबणाचं पाणी जास्त कडक झालं तरी तेच.

एक प्रकार मात्र गंभीर आहे, तणनाशक. शेजारी कुणी तण मारायला फवारलं आणि वारा आपल्याकडे असेल तर काही औषधांनी पानं पांढरी फटक होतात. तणनाशकाचा फवारणी पंप नुसता धुऊन पुन्हा खतासाठी वापरला तरी होतं. माझं म्हणणं आहे की घरच्या बागेत तणनाशकाला वेगळा पंप नसेल तर तणनाशक वापरूच नये. नुकसान वाऱ्याच्या दिशेच्या झाडांना जास्त आणि लांबच्यांना कमी असं उतरत जाताना दिसलं तर संशय पक्का.

डाग आहेत, हे खताचं की रोगाचं कसं ओळखू?

अन्नद्रव्याची कमतरता शिस्तीत असते, डावीउजवी बाजू सारखी, सगळ्या झाडांवर एकाच वयाच्या पानांवर. रोग विस्कळीत असतो, या पानावर चार डाग, त्यावर एक, एका बाजूला जास्त, आणि डागाला काठ असतो.

तांबेरा ओळखायला सोपा. विटकरी रंगाचे छोटे उंचवटे, बोट फिरवलं की बोटाला गंजासारखी पूड लागते. नेहमीचा तांबेरा पानाच्या दोन्ही बाजूंना येतो आणि १६ ते २३ अंशांच्या गार, दवाच्या हवेत फोफावतो. दुसरा नारिंगी, मुख्यतः वरच्या बाजूला, उष्ण दमट हवेतला, तो वेगाने पसरतो. कणीस भरत आलं असताना थोडा तांबेरा दिसला तर घरच्या वाफ्यात मी काही फवारत नाही, त्याने उत्पन्नात फार फरक पडत नाही. केस येण्याच्या आधीच सगळी पानं भरली तर मात्र करायला हवं.

करप्याचे डाग लांबट. सिगारच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते, राखाडी ते भुरकट, अडीच सेंटीमीटरपासून पंधरापर्यंत लांब, ते गार हवेतल्या करप्याचे. छोटे, शिरांच्या मध्ये अडकलेले, आयताकृती भुरे डाग असतील तर तो उष्ण हवेतला करपा. हा दुसरा प्रकार किती भयंकर होऊ शकतो ते १९७० मध्ये अमेरिकेत दिसलं, तिथल्या बहुतेक संकरित मक्यात एकाच प्रकारचा मातृवंश वापरलेला होता, रोगाची एक जात बरोबर त्यालाच लागू पडली आणि देशातलं साधारण १५ टक्के मक्याचं पीक गेलं. घरच्या चौकोनात दोन वेगळी वाणं लावण्याचा विचार मला म्हणूनच पटतो, पण ती वेगवेगळ्या वेळी फुलतील अशी लावा, काही गोड वाणांचे पराग एकमेकांवर पडले तर दाणे कडक आणि पिठूळ होतात.

पानावर लांबच लांब, नागमोडी काठाचे फिकट पिवळे पट्टे असतील आणि बारीक काळे उड्या मारणारे भुंगे दिसत असतील तर स्टुअर्टचा मर रोग असू शकतो. हा जीवाणूजन्य, मुख्यतः उत्तर अमेरिकेतला, १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर स्टुअर्ट यांनी पहिल्यांदा नोंदवलेला, आणि स्वीटकॉर्नला इतर मक्यापेक्षा जास्त लागतो. सरळ काठ म्हणजे अन्नद्रव्य, नागमोडी काठ म्हणजे जीवाणू, असं ढोबळमानाने धरा.

पानांवरच्या बुरशीजन्य रोगांना एकच गोष्ट लागते, तासन्‌तास ओलं राहिलेलं पान. पाणी सकाळी आणि मातीत द्या, वरून शॉवर नको, संध्याकाळी तर नकोच. झाडांमध्ये २५ ते ३० सेंटीमीटर अंतर ठेवा.

रोप उपटून टाकावं असं कधी?

दोन वेळा. केवडा, म्हणजे रोपाच्या पानांवर पिवळट पांढरे लांब पट्टे आणि भल्या सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुरी लव दिसली तर. आणि मोझॅक, म्हणजे कोवळ्या पानांवर फिकट आणि गडद हिरव्याची बारीक नक्षी, झाड खुजं, पोंग्यात मावा. व्हायरसला औषध नाही आणि मावा तो शेजारच्या झाडावर नेतो. पिशवीत घालून उपटा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आसपासचं रानटी गवत काढा कारण व्हायरस तिथे लपून राहतो. मन होत नाही, पण दोन झाडं गेली तर बाकीची चौदा वाचतात.

किडीमुळे पण रंग जातो का?

हो. कोरड्या गरम दिवसांत पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आणि पान भुरकट झालं तर कोळी, म्हणजे ठिपक्याएवढी रस शोषणारी कीड. पांढरा कागद पानाखाली धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले की खात्री झाली. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा, ओळीने तीनचार दिवस सकाळी, बहुतेक भागतं. चंदेरी रेघा असतील तर फुलकिडे. पानावर काळी काजळी आणि चिकटपणा असेल तर ती माव्याच्या गोड स्रावावर वाढलेली बुरशी, मावा धुतला की ती थांबते.

पानावर काचेच्या खिडकीसारखे पारदर्शक चट्टे आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा म्हणजे लष्करी अळी. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके असले की तीच. मूळ अमेरिका खंडातली, २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात पोचली. दहावीस झाडं असतील तर हाताने वेचणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय, संध्याकाळी पोंगा उघडून बघायचा.

तुरा आलाय आणि खालची तीनचार पानं वाळतायत, खत देऊ?

नको. सावलीत गेलेली जुनी पानं झाड सोडून देतं, गोल टोकाचं सगळ्यात पहिलं पान तर फार आधीच गेलेलं असतं. कणीस भरतं ते मुख्यतः कणसाजवळच्या आणि त्याच्या वरच्या पानांच्या जिवावर. ती हिरवी आहेत ना, मग ठीक. पिवळेपणा कणसाच्या पानापर्यंत चढला आणि केस अजून ओलेच असतील तर मात्र नत्र किंवा पाणी कमी पडलंय.

पिवळी पानं काढून टाकू का?

पूर्ण वाळलेली काढा. अर्धी हिरवी असतील तर राहू द्या, तेवढा हिरवा भागही काम करतोय. रोगाचे डाग असलेली सगळ्यात खालची काढली तर चालेल, कोरड्या हवेत, आणि हात धुऊन मग पुढच्या झाडाला लावा.

माती तपासून घेणं गरजेचं आहे का?

जमिनीत लावत असाल आणि लागोपाठ दोन हंगाम तीच लक्षणं दिसली तर घ्याच. मक्याला सामू ६ ते ७ च्या मधला मानवतो. सामू कळल्याशिवाय चुना, राख, जिप्सम, लोह यातलं काहीही टाकणं म्हणजे अंधारात दगड मारणं. कुंडीसाठी एवढं नको, पुढच्या वेळी माती बदला.

पानं खराब आहेत, अशा झाडाची कणसं खायला चालतील का?

खतपाण्यामुळे पानं पिवळी झाली असतील तर बिनधास्त खा, दाणे कमी भरतील, गोडी थोडी कमी लागेल एवढंच. तांबेरा, करपा पानावरच राहतात, सोललेलं कणीस स्वच्छ असेल तर काही हरकत नाही. दाण्यांवरच बुरशी दिसली तर ते कणीस फेकून द्या, तेवढा भाग कापून बाकीचं खाऊ नका. औषध फवारलं असेल तर बाटलीवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं ते पाळा, आणि स्वीटकॉर्नच्या बाबतीत हे फवारायच्या आधीच वाचा, कारण केस आल्यापासून १८ ते २४ दिवसांत कणीस तोडायला येतं आणि तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही.